गाऱ्हाण्यातून गळलेलं नाव

गोळ्या सोडल्या म्हणून गावाने माझं जेवढं कौतुक केलं, तेवढं मी नोकरीला लागलो तेव्हाही केलं नव्हतं. वाटेत भेटेल तो पाठीवर थाप मारायचा, आणि माझं सगळं दुखणं पाठीतूनच सुरू झालेलं असल्यामुळे ती थाप मला मस्तकापर्यंत जायची. पण खरं सांगायचं तर कौतुक करण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. मी गोळ्या सोडल्या नव्हत्या. उरलेल्या कुठे ठेवल्या ते विसरलो होतो.

मी तेव्हा डिचोलीकडच्या एका खाणीवर स्टोअरकीपर होतो. आमचं गाव इब्रामपूरच्या अंगाला, पेडणे तालुक्याच्या अगदी काठावर. रोज मोटरसायकलने जायचं आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत तांबडं होऊन परत यायचं. एकदा खनिजाच्या ट्रकमागे चाललो असताना चाक घसरलं आणि मी रस्त्यावर आपटलो. मोडलं काही नाही, पण कमरेत असं काही बसलं की उभं राहवेना. म्हापशाच्या एका डॉक्टराने कॅप्सूल लिहून दिल्या. दुखलं तरच घ्या म्हणाला. दुखत होतं, म्हणून घेतल्या. मग दुखायचं थांबलं, पण गोळीला ते पटेना. गोळी न घेतलेल्या दिवशी अंगातला एकेक सांधा तक्रार घेऊन यायचा आणि घेतली की सगळे गप्प बसायचे. डॉक्टराचा तो जुना कागद घडी पडून पडून फाटेपर्यंत मी म्हापसा, डिचोली, पेडणे अशा तिन्ही ठिकाणच्या फार्मासीत फिरवला. तिथली माणसं मला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, देऊ लागली होती. त्यावरून तरी मला काही कळायला हवं होतं.

शेवटी स्टोअरमध्ये मी उभ्या उभ्या झोपलो आणि टायरांच्या चळतीवर पडलो. त्यानंतर दोनेक दिवसांनी बायकोने आणि तिच्या भावाने मला उचलून इस्पितळात नेलं. तिथल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. घाम, थरथर, पायांत मुंग्या आणि एका जनेलाचं, म्हणजे खिडकीचं, निळं दार, एवढंच आठवतं. बायकोला सगळं आठवतं. ती सांगत नाही, आणि मी विचारायला धजत नाही.

तिथून निघताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की डोक्यात काही दिवस धुकं भरल्यासारखं वाटेल, नावं आठवणार नाहीत, काम अर्ध्यावर सुटेल. घाबरू नका, उतरेल. कधी उतरेल, मी विचारलं. ज्याचं त्याचं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, घरात उरलेल्या गोळ्या नाहीत ना? मी ठामपणे नाही म्हणालो. ते खोटंही नव्हतं. इस्पितळात नेणार याची कुणकुण लागल्यावर मी एका मोराचं चित्र असलेल्या चपट्या पत्र्याच्या डब्यात गोळ्या भरून कुठेतरी नीट ठेवल्या होत्या, इतकंच आठवत होतं. कुठे ते आठवायला गेलं की डोक्यात नुसता कापूस.

कापूस म्हणजे किती, तर मी शेजाऱ्याला त्याच्या बापाच्या मरणाबद्दल दुःख कळवलं, आणि बाप तिथेच ओट्यावर बिडी ओढत बसला होता. पेडण्याला रॉकेल आणायला गेलो आणि पोदेराकडचे उंडे, म्हणजे पाव, घेऊन आलो. तुळशीला पाणी घातलं की नाही ते आठवायचं नाही म्हणून पुन्हा घालायचो, पुन्हा घालायचो, शेवटी तुळस कुजली. कामावर तर विचारू नका. ज्या स्टोअरात डोळे मिटून कुठलाही बेअरिंग काढून द्यायचो, तिथे मी क्लच प्लेट मागणाऱ्याला फॅन बेल्ट द्यायचो आणि वर त्याच्याकडे उपकार केल्यासारखं बघायचो. साहेब भला माणूस, म्हणाला, थोडे दिवस घरी बस.

घरी बसल्यावर मला एकच काम उरलं, डबा शोधणं. बायको कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेली की मी सुरू व्हायचो. भाताची कणगी, माडीवरचे वासे, देवांच्या तसबिरींमागची जागा, बंद पडलेल्या रेडिओचं पोट. ती अचानक परत आली की मी म्हणायचो, स्क्रू-ड्रायव्हर शोधतोय. बिचारी बाजारात गेली की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायची. आमच्या घरात तेव्हा एकाही वस्तूचा स्क्रू सैल नव्हता, एक माझं डोकं सोडलं तर. आणि मला तेव्हा रोज दोन गोष्टी एकदम हव्या असायच्या. धुकं उतरावं, आणि डबा सापडावा. धुकं उतरलं की डबा सापडणार आणि डबा सापडला की धुकं परत येणार, एवढा साधा हिशेबही त्या धुक्यात मला दिसत नव्हता. दिसला तो फार उशिरा, आणि दिसला तेव्हा मी खरोखर घाबरलो.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या देवळात कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. नांगर धरायचा असो, लग्न ठरो, कुणी टेम्पो घेवो, देवळाच्या चौकात नारळ ठेवायचा आणि सगळ्या देवतांना त्यांच्या त्यांच्या मानाप्रमाणे हाका मारून मागणं मागायचं. दर मागण्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. गाऱ्हाणं घालणाऱ्याने मात्र व्हय म्हाराजा म्हणायचं नसतं. मागणारा तो, होकार गावाचा. हे गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घरात. बापाच्या बाजूला, होकार न भरता, उभं राहून ऐकत ऐकत ते माझ्या तोंडात बसलं होतं. सातेरी, रवळनाथ, भूमका, वेताळ, मग वाड्यावाड्यावरची स्थळं आणि शेवटी गावाच्या शिवेवरचा राखणदार. एकही नाव गाळायचं नाही. आणि दुसरा नियम असा, की घालणारा अडला तर कुणी त्याला सांगायचं नाही. चौकात नाही आणि बाहेरही नाही. जो सांगेल, ज्याच्या तोंडून ते नाव आलं, मान त्याच्याकडे गेला. आमच्याच एका चुलत घराण्यात त्यामुळे पिढ्यान्पिढ्या घसा साफ करून उभी असलेली माणसं आहेत.

गोळ्यांच्या भरात असताना माझं गाऱ्हाणं फार रंगायचं. लोक म्हणायचे, बापाच्या वर गेला. इस्पितळातून आल्यावर पहिलं गाऱ्हाणं आलं ते गावातल्या एकाच्या नव्या ट्रकचं. सगळी नावं घेतली, स्वतःवरच खूश झालो, नारळ फुटला. पण प्रसाद घेताना कुणी माझ्या डोळ्याला डोळा देईना. ट्रक निघाला तो शिवेवर जाऊन पंक्चर झाला. मग माझ्या कानावर कुजबुज आली, की गाऱ्हाण्यात एक नाव गळलं. कुठलं ते कोण सांगणार? सांगणाऱ्याच्या घरी मान जायचा, आणि आमच्या वाड्याला तो आमच्याच घरात ठेवायचा होता. चुलतघराला तो भर चौकात, मी अडल्यावरच घ्यायचा होता, आणि मी तर अडलोच नव्हतो.

थोरले गावकर म्हणजे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, माझ्या बापाचे मित्र. ते एकदा मला वाटेत थांबवून नुसती हनुवटी वर करून पूर्वेकडे बघत राहिले. मी विचारलं, “दोडामार्गची बस गेली काय?” ते म्हणाले, “तू जा घरा.” आणखी एकाने मला बिडीचं बंडल दाखवलं आणि डोळे मिचकावले. मी एक बिडी घेतली. असं सगळं गाव आपलं तोंड घट्ट धरून मला खुणा करत होतं, आणि मी त्यांच्या मुक्या खुणांकडे बघून त्यांनाच काही झालंय असं समजत होतो.

पुढच्या गाऱ्हाण्यातही तेच झालं. त्याच्या पुढच्यातही. बाकी नावं हळूहळू घट्ट होत गेली, पण त्या एका जागी मी पोचलो की जीभ सरळ पुढच्या वाक्यावर जायची. मला फट जाणवायचीही नाही. लोकांच्या चेहऱ्यावरून तेवढी कळायची.

त्यात माझ्या सासुरवाडीच्या माणसांनी नवस केला, की माझं डोकं ताळ्यावर यावं म्हणून देवाकडे गाऱ्हाणं घालायचं. घालणार कोण? मीच. चौकात उभं राहून मी स्वतःबद्दल मागितलं, “ह्या लेकराच्या मस्तकावयलां आभाळ दूर कर, म्हाराजा, तेका बरी बुद्धी दी.” लोक जोरात व्हय म्हाराजा म्हणाले. फार मनापासून म्हणाले. पण त्याही वेळी नाव गळलं. म्हणजे ज्याच्या डोक्यासाठी मागणं, त्याच डोक्यामुळे ते मागणं अर्धवट राहिलं. देवाने त्यावर काय निर्णय घ्यावा ते त्यालाच माहीत.

आमचा प्रदेश घटक राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. राजभाषा कोकणी झाली होती आणि मराठीचं काय, यावर पेडण्याच्या बाजारातल्या तिंट्यावर रोज आवाज चढायचे. माझा चुलतभाऊ त्यात पुढे होता. सभा गाजवायचा. आवाज खणखणीत, मराठी अगदी छापील. आता तो उघड बोलू लागला, की मान घराण्याचा असला तरी देव सगळ्या गावाचा आहे आणि माणूस आजारी असेल तर बदल करावा. म्हणणं चुकीचं नव्हतं, हाच त्याचा राग यायचा. देवाशी आम्ही जे बोलतो ते ना धड त्याच्या सभेतलं ना विरोधकांच्या, आणि हा तिथे उभा राहिला तर रवळनाथाला अध्यक्ष महोदय म्हणायलाही कमी करणार नाही अशी मला धास्ती होती. शेवटी थोरल्या गावकरांनी ठरवलं, दसऱ्याचं गाऱ्हाणं शेवटचं. त्यात नाव आलं तर मान राहील, नाही आलं तर चुलतभाऊ घालील.

मला हे ऐकून रडू आलं. नोकरी अर्धी गेली होती, मुलं माझ्याशी हळू आवाजात बोलायची, बायको माझ्या हातात पेटती काडी देत नव्हती. उरलं होतं ते एवढंच, की वर्षातून काही वेळा मी बापाच्या जागी उभा राहतो आणि गाव मला होकार भरतं. तेही गेलं असतं तर मी कोण, हे मलाच कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी चौक भरला. झेंडूच्या माळा, भाताची लोंबं, नवी लुगडी. चुलतभाऊ पांढराशुभ्र सदरा घालून अगदी पुढे उभा होता. मी सुरुवात केली. सातेरी आली, रवळनाथ आला, भूमका आली. आवाज बापासारखा लागला होता, हे माझं मलाच कळत होतं. वाड्यांवरची स्थळं झाली. तिथे मी नेहमीप्रमाणे पुढच्या वाक्यावर जायला निघालो आणि काय झालं कुणास ठाऊक, पाय अडखळावा तशी जीभ थांबली. फट दिसली. पहिल्यांदाच दिसली.

चुलतभावाने घसा साफ केला.

“आणि शिवेवयल्या राखणदारा,” मी म्हणालो.

थोरल्या गावकरांनी डोळे मिटले. आणि त्या नावाबरोबर मला ते ठिकाण दिसलं. डिचोलीला जाताना लागणारं शिवेवरचं सातविणीचं झाड, त्याच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड, दगडापाशी लोकांनी वाहिलेल्या वहाणा, घोंगडी, काठी, बिडीची बंडलं. राखणदार रात्रभर गावाच्या शिवेवर फिरतो म्हणून त्याला हे सगळं लागतं, आणि त्याला वाहिलेल्या वस्तूला आमच्याकडे चोरसुद्धा हात लावत नाही. त्या वहाणांच्या मागे, घोंगडीच्या घडीत, मी माझा मोराचा डबा ठेवला होता. गावातली सगळ्यात सुरक्षित जागा. इतकी हुशारी मी शुद्धीवर असताना कधी केली नसेल.

त्या डोक्याने मला गावातलं एकच नाव इतके दिवस घेऊ दिलं नव्हतं, ते का, हे मला भर चौकात कळलं. हातातला नारळ घामाने निसटायला लागला. लोकांना वाटलं पुन्हा अडलो. मला दिसत होतं, की आता मोटरसायकलला एक किक, आणि अर्ध्या वाटेवर तो डबा आहे. कुणालाही न विचारता. दिवसाढवळ्या. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, देवाच्या समोर, बापाच्या जागी.

मग मी जे बोललो ते बापाच्या गाऱ्हाण्यात कधीच नव्हतं. “शिवेवयल्या राखणदारा, तुज्या पायाकडे कोणे काय ठेवलेला आसात, ता तुजा झाला. ठेवणारो परत मागूक इलो तर तेका दिव नको. तेची वाट आडय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळं गाव म्हणालं. चुलतभाऊसुद्धा. खूप मोठ्याने म्हणाला, कारण तोपर्यंत हरला होता आणि हरल्यावर त्याचं वागणं फार चांगलं असतं.

नारळ फुटला. गावकर मला पोटाशी धरून रडले. माझा मान राहिला, आणि गोळ्यांचा डबा माझ्याच मागण्याने, सगळ्या गावाच्या होकाराने, राखणदाराच्या मालकीचा झाला. मला वाटलं, आपण मोठाच डाव साधला. घरी जाताना बायको शेजारून चालत होती. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, “थंय तुमी काय ठेवलात?”

“डबो,” मी म्हणालो.

घरी गेल्यावर तिने घरातले सगळे स्क्रू-ड्रायव्हर गोळा करून एका पेटीत टाकले.

दिवाळीनंतर मला कामावर परत घेतलं. पहिल्या सकाळी मोटरसायकल काढली तर ही मागे येऊन बसली. खंय, मी विचारलं. “काजीत काम आसा,” म्हणाली. काजूचा मोसम यायला पुष्कळ अवकाश होता आणि आमच्या काजी उलट दिशेला. शिव आली तशी तिने माझ्या कमरेभोवतीचा हात जरा घट्ट केला. सातवीण मागे पडल्यावर पुढच्या वळणावर ती उतरली आणि पदर खोचून चालत परत निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी मी येतो त्या सुमाराला ती त्याच वळणावर सरपणाची मोळी घेऊन उभी असायची. राखणदारावर तिची श्रद्धा माझ्यापेक्षा जास्त. डब्याला ती बोट लावणार नव्हती आणि मला लावू देणार नव्हती. पण तो एकटा राखणदार या कामाला पुरेल, असं तिला वाटत नसावं.

त्या डब्याचं पुढचं आताच सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांनी तिथला रस्ता रुंद झाला तेव्हा गावाने राखणदाराचा दगड वाजतगाजत थोडा आत नेला. वहाणा नेल्या, काठी नेली, आणि गंजून आरपार गेलेला एक पत्र्याचा डबाही कुणीतरी ओंजळीत धरून मोठ्या भक्तीने नेऊन ठेवला. मी तिथे गाऱ्हाणं घालत होतो.

पण मी सांगत होतो ते त्या वर्षीचं. थंडी सरली, काजींना मोहोर आला. धुकं बरंच उतरलं होतं. कुठला बोल्ट कुठल्या खणात ते पुन्हा हाताला कळायला लागलं होतं. एका सकाळी मी मोटरसायकल सुरू करून थांबलो, तर ही दारातच उभी.

“आज तुमी जावा,” ती म्हणाली. “माका धुणां आसा.”

मी गेलो. शिवेवर आलो आणि थांबलो. थांबायचं नाही असं घरापासून ठरवत आलो होतो, तरी थांबलो. इंजिन बंद केलं. घोंगडी भिजून कुजून खाली बसली होती आणि डब्यावरचा मोर आता उघडा पडला होता. आत पावसाने चिखल झाला असणार हे मला कळत होतं. पाठ दुखत नव्हती. काहीच दुखत नव्हतं. तरी मला तो डबा हवा होता, अगदी तसाच हवा होता. दोडामार्गची बस आली. बसमधली माणसं दगडाकडे बघून हात जोडत गेली, आणि त्यांना वाटलं असेल मीही त्यासाठीच थांबलोय. बस गेल्यावर तिथे कुणी नव्हतं. बायको नव्हती, गाव नव्हतं. मागणं मी आधीच मागून ठेवलं होतं, आज होकार भरायला मात्र माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा म्हणालो. आवाज नीट लागला नाही.

मग किक मारली आणि डिचोलीला गेलो. उशीर झाला होता. एक ड्रायव्हर स्टोअरच्या दारात वैतागून उभा होता, त्याला क्लच प्लेट हवी होती. मी आत जाऊन क्लच प्लेटच आणून दिली.